पंढरीनाथ परिसरातील जुना वाडा: बिल्डरला द्यावा, दुरुस्त करावा की आणखी काही मार्ग आहे?

जुना_पंढरीनाथ (प्रश्न)

सप्रेम नमस्कार.

इंदूरच्या जुन्या वस्तीत, पंढरीनाथ मंदिरापासून जवळच्या एका गल्लीत आमचा वडिलोपार्जित वाडा आहे. जागेची रुंदी पन्नास फूट आणि खोली एकशेवीस फूट, म्हणजे सुमारे 557 चौरस मीटर. पणजोबांनी बांधलेला पुढचा दोन मजली भाग सागवानी खांब-तुळयांचा आणि कडीपाटाचा आहे. त्यामागे चौक, चौकात विहीर आणि सर्वांत मागे आजोबांच्या काळातील पक्क्या खोल्या आहेत. गल्लीच्या बाजूला दोन दुकाने असून एकात पिठाची चक्की आणि दुसऱ्यात शिंपीकाम चालते. हे दोन्ही भाडेकरू माझ्या वडिलांच्या तरुणपणापासूनचे आहेत. वरच्या मजल्यावर आणखी एक कुटुंब भाड्याने राहते.

वडील आता हयात नाहीत. वाड्यात सध्या माझे कुटुंब, आई आणि थोरले काका-काकू राहतो. धाकटे काका पुण्यात स्थायिक आहेत. दोन आत्यांपैकी एक देवासला आणि दुसरी बडोद्याला असते. एका बिल्डरने असा प्रस्ताव ठेवला आहे की, सर्व बांधकाम पाडून तळाला पार्किंग आणि वर चार मजले फ्लॅट बांधावेत, निम्मे फ्लॅट आमचे आणि निम्मे त्यांचे. बांधकाम चालू असेपर्यंत आम्हाला दुसरीकडे राहण्याचे भाडे ते देणार. विहीर बुजवली जाईल, भाडेकरूंचे 'आम्ही पाहून घेऊ' असे ते म्हणतात आणि पाडकामातून निघणारे लाकूड व मलबा त्यांचा राहील. पुण्याच्या काकांना हा व्यवहार लवकर व्हावा असे वाटते आणि त्यांच्या दृष्टीने त्यात काहीही गैर नाही. थोरल्या काकांना मात्र वाडा सोडण्याची कल्पनाच सहन होत नाही.

माझी अडचण अशी आहे की, दोघांचेही म्हणणे मला पटते. घराच्या मागच्या भिंतीला तडे गेले आहेत, पावसाळ्यात माजघरात ओल चढते आणि दुरुस्तीला पैसा लागतो. दुसरीकडे गल्लीचे जे होत आहे तेही मी रोज पाहतो. समोरचा वाडा मालाचे गोदाम झाला आहे. त्याच्या पलीकडचा वाडा भावांच्या दाव्यामुळे वर्षानुवर्षे कुलूपबंद आहे आणि त्याच्या छपरावर पिंपळ उगवला आहे. कोपऱ्यावर जी नवी इमारत झाली, तिच्या तळाला केवळ शटर आहेत आणि संध्याकाळनंतर तिथे चिटपाखरूही नसते. आपणही तेच करणार असू तर इथे राहण्यासाठी फ्लॅट घेण्यात काय अर्थ आहे, असा प्रश्न पडतो. गल्लीची रुंदी कुठे अठरा फूट तर कुठे बावीस फूट भरते, त्यामुळे चार मजले मंजूर होतील का, हेही मला माहीत नाही.

ज्यांनी अशा प्रसंगातून वाट काढली आहे किंवा ज्यांना या विषयाची व्यावसायिक माहिती आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

चुना_आणि_वीट

मी स्थापत्य अभियंता आहे आणि माझ्या कामाचा बराच भाग माळव्यातील जुन्या इमारतींच्या तपासणीचा आहे. पाडायचे की ठेवायचे, हा निर्णय घेण्याआधी घराची तब्येत कळली पाहिजे, आणि ती बिल्डरच्या माणसाकडून कळून घेऊ नये.

प्रथम तड्यांविषयी. इंदूरची जमीन वर काळी माती आणि खाली काळा पाषाण अशी आहे. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, त्यामुळे उथळ पायावरच्या जुन्या भिंतींना दरवर्षी थोडी हालचाल सोसावीच लागते. काही तडे वैशाखात उघडतात आणि श्रावणात मिटतात. असे तडे दिसायला वाईट असले तरी घर पडण्याची खूण नव्हेत. सतत वाढत जाणारा तडा मात्र धोक्याचा. फरक ओळखायची जुनी आणि स्वस्त पद्धत अशी की, तड्यावर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटने चिकटवावी, तिच्याजवळ तारीख लिहावी आणि निदान एक पावसाळा व एक उन्हाळा जाऊ द्यावा. पट्टी तुटली तर भिंत अजून हलते आहे. ती कोणत्या ऋतूत तुटली आणि तडा पुढे रुंदावत गेला की मिटला, यावरून कारणाचा बराच उलगडा होतो. आपल्या कोपऱ्यावरच्या नव्या इमारतीसाठी तळघर खणले होते का, आणि आपले तडे त्याआधीचे की नंतरचे, हेही आठवून पाहा. शेजारी खोल खणताना मातीला आधार दिला नाही तर जुन्या पायाखालची माती बाजूला सरकते. गल्लीत एक बांधकाम सुरू झाले की पाठोपाठ आणखी दोन घरे 'धोकादायक' ठरतात, त्यामागे अनेकदा हेच कारण असते.

दुसरी गोष्ट लाकडाची. सागवानी तुळई मधोमध सहसा सडत नाही. ती सडते भिंतीत शिरलेल्या टोकाशी, कारण ओल तिथे साचते आणि वारा लागत नाही. प्रत्येक तुळईच्या टोकाजवळ पेचकस दाबून पाहावा. तो बोटाच्या पेराइतका आत गेला तर तेवढे टोक कापून नवे जोडता येते किंवा लोखंडी आधार देता येतो. त्यासाठी सबंध मजला पाडावा लागत नाही. माजघरातील ओलीचे मूळ बहुधा चुन्याच्या भिंतीवर नंतर चढवलेल्या सिमेंटच्या गिलाव्यात सापडेल. चुन्याची भिंत आतील ओल बाहेर टाकते, सिमेंट ती कोंडून ठेवते आणि मग ती वर चढत जाते. खालचे चार फूट सिमेंट खरवडून पुन्हा चुन्याचा गिलावा केल्याने सुधारलेली घरे मी पाहिली आहेत.

विहिरीविषयी मी अधिक कळकळीने लिहितो. 30 मार्च 2023 रोजी, रामनवमीच्या दिवशी, आपल्याच शहरात पटेल नगरमधील मंदिरात जुन्या बावडीवर (पायऱ्यांच्या विहिरीवर) घातलेला स्लॅब कोसळून 36 जणांचा मृत्यू झाला. विहीर झाकणे आणि विहीर बुजवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बुजवलेली विहीरसुद्धा नीट दाबून भरली नाही तर वरचा पाया खचतो. उलट ती ठेवली तर पागोळीचे पाणी गाळून तिच्यात सोडता येते. 140 चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडावरील बांधकामाला मध्य प्रदेशात पर्जन्यजल संचय बंधनकारक आहेच. ज्या शहराला प्यायचे पाणी सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून नर्मदेतून उपसून आणावे लागते, त्या शहरात चालू विहीर मातीने भरणे हे माझ्या मते अक्षम्य आहे.

वकील_काकू

दिवाणी न्यायालयात माझी बरीच वर्षे वाटणीच्या आणि भाड्याच्या दाव्यांत गेली, त्यामुळे मी केवळ कागदांपुरते लिहिते.

आपण हिस्सेदारांचा उल्लेख केला, पण बोलणी फक्त काकांची चालू आहेत असे दिसते. मालमत्ता पणजोबांपासून आलेली आहे आणि तिची वाटणी झालेली नाही असे मी गृहीत धरते. हिंदू वारसा कायद्यातील, 9 सप्टेंबर 2005 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला, आणि वडील त्या तारखेला हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात 11 ऑगस्ट 2020 रोजी स्पष्ट केले. तेव्हा दोन्ही आत्या बरोबरीच्या हिस्सेदार आहेत. वडिलांच्या पश्चात त्यांच्या हिश्श्यात आपल्यासोबत आपली आईही वारस आहे. 'आत्यांनी काही मागितलेले नाही, त्या सही देतील' हे वाक्य मी असंख्य कुटुंबांतून ऐकले आहे. आत्यांनी हक्क सोडायचा असेल तर तो नोंदणीकृत हक्कसोडपत्राने, स्वेच्छेने आणि त्याचा अर्थ समजून सोडावा. राखायचा असेल तर करारात त्यांचे फ्लॅट त्यांच्या नावाने लिहावेत. त्यांना आजच बैठकीला बोलवावे. नामांतरणात, म्हणजे मालमत्तेच्या सरकारी नोंदीत, कोणाची नावे चढली आहेत हे पाहावे, पण तेवढ्यावर विसंबू नये, कारण ती नोंद मालकीचा पुरावा नसते.

भाडेकरूंबाबत 'आम्ही पाहून घेऊ' या शब्दांवर समाधान मानू नका. मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम 1961 प्रमाणे ठरावीक कारणांशिवाय भाडेकरूला काढता येत नाही, आणि पुनर्बांधणीचे कारण दाखवून जागा घेतली तर त्याला नव्या इमारतीत परतण्याचा हक्क मागता येतो. इमारत पाडली म्हणजे भाडेपट्टी संपली असेही नाही; जमिनीवरचा हक्क टिकून राहतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये दिलेला आहे. महापालिकेची जर्जर घराची नोटीस हा भाडेकरू हटवण्याचा जवळचा रस्ता आहे असे कोणी सुचवले तर त्यापासून दूर राहावे. 1956 च्या नगरपालिक निगम अधिनियमातील कलम 310 खाली धोकादायक बांधकाम पाडण्याचा जसा आदेश देता येतो तसाच ते दुरुस्त किंवा सुरक्षित करण्याचाही देता येतो. चक्कीवाल्यांशी आणि शिंप्यांशी आपण स्वतः बोलावे. त्यांना तळाला तेवढ्याच मापाची दुकाने देण्याची अट प्रस्तावात घातली तर पुढचे कितीतरी दावे टळतील. इतक्या वर्षांच्या संबंधांना ते शोभेलही.

आता रेराविषयी, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याविषयी. भूखंड 500 चौरस मीटरपेक्षा मोठा आणि फ्लॅट आठांपेक्षा जास्त असतील तर प्रकल्पाची नोंदणी करावीच लागते. आपली जागा 557 चौरस मीटर आहे, म्हणून कोणी तिचे कागदावर दोन तुकडे करायला सुचवले तर त्यामागचा हेतू ओळखावा. नोंदणी झाली की ग्राहकांकडून आलेल्या रकमेचा 70 टक्के भाग स्वतंत्र खात्यात ठेवावा लागतो आणि तो त्याच प्रकल्पावर खर्च करावा लागतो. ताब्यानंतर पाच वर्षे बांधकामातील दोषांची जबाबदारी राहते. मात्र एक बाजू जमीनमालकांच्या लक्षात येत नाही. बांधणारा एक आणि विकणारा दुसरा असेल तर कायदा दोघांनाही प्रवर्तक, म्हणजे प्रकल्पाला जबाबदार, समजतो. आपल्या हिश्श्याचे फ्लॅट आपण बांधकाम चालू असताना विकायला काढले तर ग्राहकांपुढे आपणही उत्तरदायी ठराल.

आयकराचे थोडक्यात सांगते. 2017 च्या वित्त कायद्याने आलेल्या तरतुदीमुळे व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब यांना संयुक्त विकासाच्या (मालकाची जमीन, बिल्डरचे बांधकाम अशा) नोंदणीकृत करारावरील भांडवली नफ्याचा कर करार केल्याच्या वर्षी न लागता पूर्णत्वाचा दाखला मिळाल्याच्या वर्षी लागतो. दाखल्याआधीच आपला हिस्सा विकला तर ही सवलत जाते. पुण्याच्या काकांना घाई असेल तर त्यांना हे आवर्जून सांगावे. जुन्या मालमत्तेचा नफा त्या किमतीपासून मोजता येतो, म्हणून 1 एप्रिल 2001 रोजीच्या किमतीचे मूल्यांकन करून ठेवावे.

आणि आममुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार देणारा कागद. बिल्डरला नकाशा मंजुरी आणि बांधकामापुरते अधिकार द्यावेत. विक्रीचा अधिकार केवळ त्यांच्या हिश्श्यातील फ्लॅटपुरता, तोही बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे क्रमाक्रमाने मोकळा होईल असा लिहावा. सगळे अधिकार पहिल्याच दिवशी दिले की पुढे भाडे थांबले तरी आपल्या हातात काही राहत नाही.

आडा_बाजारचे_जोशी_घराणे

आमच्या कुटुंबाने आपल्यासारखाच वाडा संयुक्त विकासाला दिला आणि आम्ही आता त्याच जागेवरील इमारतीत राहतो. आमचा बिल्डर व्यवहाराला सरळ होता, काम उशिरा का होईना पण पुरे झाले, भाडेही मिळाले. म्हणून जे लिहितो ते फसवणुकीविषयी नाही. सरळ व्यवहारातही काय निसटते, त्याविषयी आहे.

कागदावर आम्हाला निम्मे क्षेत्र मिळाले, परंतु ते क्षेत्र कोणते हे करारात स्पष्ट नव्हते. जिना, लिफ्ट आणि मोकळी जागा धरून मोजलेले क्षेत्र आणि प्रत्यक्ष गालिचा अंथरता येईल ते चटई क्षेत्र यांत बराच फरक पडतो. करारात चटई क्षेत्रच लिहून घ्या, प्रत्येक फ्लॅट कोणत्या मजल्यावर आणि कोणत्या दिशेला हे नकाशावर रंगवून, त्या नकाशावर सर्वांच्या सह्या घेऊन तो कराराला जोडा. आमच्याकडे ज्येष्ठांना सोयीचे पहिल्या मजल्याचे दोन्ही फ्लॅट बिल्डरच्या वाट्याला गेले, कारण ते आधी कोणी लिहिलेच नव्हते.

लाकडाचा मुद्दा क्षुल्लक समजू नका. पणजोबांच्या काळच्या मुरलेल्या सागवानाला आज फर्निचरवाल्यांकडे फार चांगली मागणी आहे. पाडकामाच्या आधी खांब, तुळया, दारे, चौकटी आणि कोरीव गणेशपट्टी यांची मोजदाद करून त्यांचे मूल्य वेगळे ठरवावे, किंवा जे ठेवायचे त्याची यादी कराराला जोडावी.

सर्वांत अधिक जाणवते ते तळमजल्याचे. पूर्वी आमच्या दाराशी ओटला होता. भाजीवाली तिथे टोपली टेकायची, शेजारच्या आजी तिथे वाती वळत बसायच्या आणि कोणाकडे कोण आले-गेले हे न विचारता कळत असे. आता तिथे गाड्या उभ्या असतात आणि लोखंडी फाटक सदैव बंद असते. चौदा कुटुंबे एकाच पत्त्यावर राहतात, पण गल्लीत पाऊल टाकायला त्यांना कारण उरलेले नाही. विकलेल्या फ्लॅटपैकी तीन कोणी राहण्यासाठी घेतलेच नाहीत. एकात सराफ्यातील कारागीर दाटीवाटीने राहून काम करतात, उरलेल्या दोन फ्लॅटमध्ये माल भरलेला आहे. कारागीर मेहनती आणि सज्जन आहेत, माझी त्यांच्याविषयी तक्रार नाही. पण रहिवासी म्हणून मंजूर झालेल्या इमारतीत गॅस आणि भट्टी चालते, याची भीती वाटते. कोणता वापर चालेल आणि कोणता चालणार नाही हे विक्रीच्या प्रत्येक कागदात येईल अशी अट मालक या नात्याने तुम्ही आजच घालू शकता. पुढे सोसायटी झाल्यावर ते जवळजवळ अशक्य होते.

नदीकाठचा_वाचक

वरील सर्व सल्ले एका घरापुरते अचूक आहेत. माझे म्हणणे गल्लीविषयी आहे, कारण मूळ प्रश्नातील खरी वेदना तिथे आहे असे मला वाटते.

आपल्या शहराने हा विचार शंभर वर्षांपूर्वी केलेला आहे. तिसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या कारकिर्दीत दरबाराने पॅट्रिक गेडिस या नगररचनाकाराला बोलावले, आणि त्यांचा इंदूरविषयीचा अहवाल 1918 मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाला. प्लेगने त्रासलेल्या दाट वस्त्यांतून सरळ रुंद रस्ते कापून काढायचे आणि मध्ये येईल ते पाडायचे, ही त्या काळची सर्वमान्य रीत होती. गेडिस यांनी तिला विरोध केला. ते गल्ल्यांतून पायी फिरले आणि त्यांनी सुचवले की खरोखर मोडकळीला आलेले एखादे घर काढावे, त्या जागी छोटा चौक मोकळा करावा, झाड लावावे, कोंडलेला बोळ दोन्ही बाजूंनी खुला करावा आणि बाकीची वस्ती जागेवर राहू द्यावी. त्यात खर्चही कमी आणि माणसेही उखडली जात नाहीत. दिवाळीत त्यांनी मिरवणूक काढली आणि जे रस्ते सर्वांत स्वच्छ होतील त्यांवरून ती जाईल असे जाहीर केले. आज देशात स्वच्छतेसाठी नावाजलेल्या शहराला या गोष्टीचे मोल वेगळे सांगायला नको.

आता आजची स्थिती पाहा. हुकूमचंद मिल ही इथली कापडगिरणी 1991 मध्ये बंद पडली. तिच्या सुमारे 42 एकर जमिनीचे काय करायचे यावर तीन दशके न्यायालयात, शासनात आणि वर्तमानपत्रांत चर्चा झाली. कामगारांची थकबाकी अखेर डिसेंबर 2023 मध्ये, सुमारे 224 कोटी रुपयांच्या रूपाने, मार्गी लागली. तिथली झाडे राहावीत म्हणून नागरिक उभे राहिले. जमीन एकसंध आणि मोठी असली की तिचा आराखडा होतो आणि त्यावर लोकांना बोलता येते. राजवाड्याभोवतीच्या वाड्यांची एकत्रित जमीन लहान नाही, परंतु ती एकेका घराने, एकेका कौटुंबिक बैठकीत बदलते आहे. तिचा आराखडा कोणीच करत नाही आणि हरकत घेण्याची वेळ कधी येऊन गेली हे कोणालाच कळत नाही. स्मार्ट सिटीच्या कामात बडा गणपतीपासून कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांकडे येणारा रस्ता रुंद करताना घरांचे पुढचे भाग पाडले गेले, तेव्हा ते निदान सर्वांना दिसले. गल्ल्यांमधला बदल मात्र दिसत नाही.

नेमके याच कारणाने आपल्या हाती काही उरले आहे, असे मी मानतो. आपली गल्ली अठरा ते बावीस फुटांची आहे. किती चटई निर्देशांक (भूखंडाच्या प्रमाणात किती बांधता येईल तो आकडा) आणि किती उंची मिळणार हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीशी बांधलेले असते. चार मजले कोणत्या रुंदीच्या आधारावर गृहीत धरले आहेत, हे बिल्डरला लेखी विचारावे. रस्ता रुंद होईल या आशेवर हिशेब मांडला असेल तर आपल्या पुढच्या भागाची काही जमीन सोडावी लागेल. सोडलेल्या जमिनीच्या बदल्यात हस्तांतरणीय विकास हक्क (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) देण्याचे नियम मध्य प्रदेशाने 2018 मध्ये केलेले आहेत, त्यांचा लाभ कोणाकडे जाणार हेही त्याच पत्रात विचारता येईल. आणि हे विचारण्याआधी समोरच्या, शेजारच्या आणि कुलूपबंद वाड्याच्या मालकांना एकदा एकत्र बोलवा. पाच-सहा घरांनी मिळून तळाला दुकाने व ओटले ठेवू, शटरची सलग भिंत होऊ देणार नाही, खोदाईच्या आधी शेजारच्या घरांची छायाचित्रांसह नोंद करू, विहिरी ठेवू, एवढे जरी लिहून ठरवले तरी पुढे येणारा प्रत्येक बिल्डर त्या अटी धरूनच बोलेल. एकट्या घराने मागितल्यास तो शेजारच्या घराकडे वळतो.

निपानियातून

एक वेगळे मत मांडतो, ते कृपया विरोध समजू नये. आमचे कुटुंब जुन्या मल्हारगंजातून निपानिया या नव्या वस्तीकडे येऊन बराच काळ झाला आणि आम्हाला त्याचा खेद नाही. आईला जिने चढवत नव्हते, रुग्णवाहिका गल्लीत शिरत नव्हती आणि मुलांच्या नोकऱ्या सुपर कॉरिडॉरच्या बाजूला होत्या. 31 मे 2025 पासून मेट्रोही पहिल्यांदा धावली ती त्याच बाजूला. जुन्या वस्तीत राहणे ही तिथे राहणाऱ्याने निवडायची गोष्ट आहे. बाहेर गेलेल्यांनी आठवणींपोटी ती आत राहिलेल्यांवर लादू नये. म्हणून मला वाटते की, या निर्णयात आपले आणि थोरल्या काका-काकूंचे मत अधिक वजनाचे असावे, कारण लिफ्ट नसण्याचा त्रासही तुम्हालाच होणार आणि ओटला गेल्याचे दुःखही तुम्हालाच होणार. पुण्याच्या काकांचा हिस्सा पैशाच्या रूपाने देता आला तर अर्धे बंधन सुटेल. वाड्याच्या मागच्या पक्क्या खोल्यांच्या जागी छोटी, लिफ्ट असलेली तीन मजली इमारत उभारून पुढचा सागवानी भाग ठेवता येईल का, हे अभियंत्यांनी सांगावे.

जुना_पंढरीनाथ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री हे सारे मी आई आणि काका-काकूंना वाचून दाखवले. दोन्ही आत्यांना आम्ही दूरध्वनी केला. बडोद्याच्या आत्याने पहिलाच प्रश्न विचारला की चक्कीवाल्यांचे काय ठरले, आणि देवासच्या आत्याने सांगितले की तिला पैसे नकोत, पण माहेरी उतरायला एक खोली तिच्या नावाची हवी. हे आम्ही कोणी कधी विचारलेच नव्हते. पुण्याच्या काकांनी दाखल्याच्या तारखेचा आणि कराचा मुद्दा त्यांच्या सनदी लेखापालांना विचारतो असे कळवले आहे.

बिल्डरला रस्त्याची रुंदी, चटई क्षेत्र आणि भाडेकरूंच्या दुकानांविषयी लेखी प्रश्न पाठवत आहे. समोरच्या गोदामाचे मालक बैठकीला यायला तयार आहेत. कुलूपबंद वाड्याच्या भावांपैकी एकाचा पत्ता मिळाला आहे. चुना_आणि_वीट यांना एक विनंती आहे. निपानियातून यांनी सुचवलेला मागचा भाग बांधून पुढचा ठेवण्याचा मार्ग विहीर मध्ये असताना शक्य आहे का?

चुना_आणि_वीट

शक्यता आहे, पण दोन गोष्टी मोजल्याशिवाय खात्रीने सांगणार नाही. विहिरीचा व्यास आणि तिच्या कडेपासून नव्या पायापर्यंतचे अंतर पाहावे लागेल. पाया विहिरीपासून पुरेसा दूर ठेवता आला आणि तो काळी माती ओलांडून पाषाणावर टेकवता आला, तर विहिरीला धक्का लागत नाही. दुसरे म्हणजे, बांधकामाचे सामान मागे न्यायला पुढच्या भागातून नऊ-दहा फुटांची वाट लागेल. आपला दिंडी दरवाजा उघडून मधली देवडी तेवढी रुंद भरते का, ते फितीने मोजून इथे लिहा. मागच्या भिंतीच्या तड्यांवर काचपट्ट्या मात्र याच आठवड्यात लावून घ्या, म्हणजे पावसाळ्याआधीची नोंद हातात राहील.